निव्वळ आणि मिसळ

लातूरला राहायला आले त्याच आठवड्यात मन्मथअप्पांनी माझ्या तूरडाळीच्या डब्यात हात घातला. ओळखसुद्धा झालेली नव्हती. वरच्या मजल्यावर नांदेडच्या बाई आल्यात म्हणून त्यांची नात भाग्यश्री, घरात भाग्या, ताकाचा तांब्या घेऊन आली, आणि तिच्या मागोमाग हे जिना चढून आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, आणि बाकीच्या चेहऱ्याला न विचारता वाढलेलं नाक. ‘शरणार्थ’ म्हणाले, माझ्या नमस्काराची वाट न बघता ओट्याकडे वळले, उघड्या डब्यातली मूठभर डाळ तळव्यावर पसरली, नाकाशी नेली आणि चार दाणे बाजूला काढले.

“मास्तरीणबाई, ही तूर हाय, पण निव्वळ न्हाई. लाखाची डाळ मिसळलीय. कोणतं दुकान?”

मी दुकान सांगितलं. संध्याकाळी त्याच दुकानदाराकडून बदलून आणलेली डाळ माझ्या दारात होती. मी मास्तरीण असल्याचं कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, कुणी कशाला सांगायला पाहिजे, दारातल्या चपलांच्या टाचा बघितल्या. फळ्यापुढं उभं राहून अशाच झिजतात.

तिथंच मी त्यांच्यावर खूश झाले. मी स्वतः संशयी बाई. पण माझा संशय हौसेचा, त्यांचा पोटापाण्याचा. लातूरच्या बाजारात चाळीसेक वर्षं त्यांनी एका डाळमिलसाठी माल बघण्याचं काम केलं होतं. शेतकऱ्यानं किंवा व्यापाऱ्यानं आणलेल्या पोत्यात परखी खुपसायची, म्हणजे मधे खाच असलेली टोकदार नळी, आणि पोटातले दाणे बाहेर काढून ओल किती, डागी किती, मिसळ किती ते सांगायचं. वरचा थर ते बघतच नसत. वरचा थर दाखवायला भरलेला असतो, म्हणायचे. परखी नसेल तर नाक. कोणती तूर चाकूरकडची आणि कोणती सीमेपलीकडची, हे ते पोतं उघडायच्या आधी सांगत, असं बाजारात लोक अजून सांगतात. मला ते खरं वाटत नाही, पण लोक सांगतात.

निवृत्त झाल्यावर पोती संपली, मग ते माणसांवर घसरले. जगात दोन जाती, निव्वळ आणि मिसळ. दूधवाला मिसळ. गल्लीतला पुढारी मिसळ, पण त्याची बायको निव्वळ. पेपर मिसळ, पंचांग निव्वळ. मी कशात, असं एकदा लाडात येऊन विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “तुम्ही मिसळ. पण तुम्ही तसं सांगून बसता, म्हणून भाव हाय.” हा त्यांचा बाजाराचा हिशेब होता. मिसळ म्हणून आणलेल्या मालाला कमी का होईना, भाव मिळतो. निव्वळ म्हणून आणलेली मिसळ ते दारातून परत पाठवत.

बाप्या माणसांसाठी त्यांची वेगळी तऱ्हा. कुणी भेटायला आलं की त्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचे, आदरानं कपाळाकडे न्यायचे आणि वाटेत नाकाजवळ क्षणभर थांबवायचे. बिडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा, सगळं त्या क्षणात. समोरच्याला वाटायचं केवढा मान दिला. गल्लीतल्या तरण्या पोरांना मात्र ठाऊक झालं होतं. ती अप्पांकडे यायच्या आधी कोपऱ्यावरच्या नळावर हात धुऊन येत.

यावरून मी त्यांना माझी एक जुनी गोष्ट सांगितली होती. नांदेडला नवा संसार मांडलेली ती तेवीस वर्षांची मास्तरीण आज समोर आली तर मी तिच्याशी बोलणार नाही, इतकी शहाणी होती. एका हिवाळ्यात नवऱ्याच्या सदऱ्याला धुराचा वास आला. हिनं सदरा दोरीवरून काढला, तीनदा हुंगला आणि ठरवलं, बिडी. नऊ दिवस अबोला धरला. सासूबाईंना पत्र लिहिलं. त्यात ‘व्यसनाच्या खाईत’ असे शब्द घातले, कारण तेव्हा ती निबंधस्पर्धेची परीक्षक होती. बिडीचा आळ नवऱ्यानं मुकाट्यानं घेतला. दोन वर्षांनी कळलं की कचेरीतल्या चौघांबरोबर तो मुखेडकडे एकाच्या शेतावर हुरडा खायला गेला होता, आणि गोवऱ्यांच्या आगटीचा धूर सदऱ्यात बसला होता. बायकोला न नेता हुरडा खाल्ला हे कबूल करण्यापेक्षा त्याला बिडी परवडली.

अप्पा हसले नाहीत. ते कामाच्या गोष्टीवर हसत नसत. म्हणाले, नाक बरोबर होतं बाई तुमचं, निकाल चुकला.

त्यांच्या बैठकीत भिंतीवर त्यांच्या मुलाचा फोटो होता. मल्लिकार्जुन, भाग्याचा बाप. भाग्या कॉलेजात असताना छातीच्या आजारानं गेला, एवढंच मला माहीत होतं. फोटोला रोज हार असे, पण घरात त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे. भाग्याची आई नाही, आणि अप्पा तर नाहीच.

भाग्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. शेतकऱ्यांच्या कुठल्याशा मेळाव्यात तिला नांदेडचा ओंकार भेटला. बियाण्यांच्या कंपनीत नोकरी, जात-पोटजात जुळणारी, आईबाप साधे. एका रविवारी त्याची माहितीपत्रिका अप्पांच्या हातात आली. अप्पांनी चष्मा लावून ती बिलाप्रमाणे वाचली आणि एका शब्दाखाली नख रोवलं. निर्व्यसनी.

“हे कुणी लिहिलं?”

भाग्या सरळ पोर. म्हणाली, “त्याच्या बाबांनी. अप्पा, तो आधी सिगारेट ओढायचा. आता सोडली. आता नुसती वाफ घेतो.”

आता हे मान्य करायला पाहिजे की त्या खोलीत आम्ही दोघं मिळून दीडशे वर्षांचा अनुभव घेऊन बसलो होतो, आणि दोघांनाही एकच अर्थ कळला. पोराला सर्दी आहे. सिगारेट सोडली की छाती मोकळी व्हायला वेळ लागतो, कफ सुटतो, म्हणून बिचारा वाफ घेतो. अप्पांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा एखाद्या परक्या पोराबद्दल दया बघितली. मी तर लगेच माझा सल्ला चालू केला, निलगिरीचं तेल नको, ओवा बरा. भाग्या काही बोलायला गेली, पण मी बोलू दिलं नाही. पस्तीस वर्षांची सवय.

पुढच्या रविवारी ओंकार आला. उंच, सडपातळ, बोलायच्या आधी घसा साफ करणारा. त्यानं माझी खात्रीच पटवली. तो टेकतो न टेकतो तोच मी आतून उकळत्या पाण्याचं पातेलं आणलं, ओवा टाकलेला, वर टॉवेल. लाजू नको बाळा म्हटलं, घरचेच आहोत. पोरगं इतकं सभ्य की एक शब्द न बोलता टॉवेलाखाली गेलं आणि चांगली दोन मिनिटं वाफ घेतली. भाग्या पोह्यांच्या बशा घेऊन आली, तिनं ते दृश्य बघितलं आणि बशा स्टुलावर ठेवून भिंतीला टेकून हसत बसली.

मग त्यानं लालबुंद चेहरा पुसत खिशातून ती वस्तू काढली. पिवळ्या रंगाची, मुलं पुस्तकात ओळी रंगवतात त्या पेनाएवढी. म्हणाला, आजी, ही वाफ. आत द्रव असतो, तो तापतो. तंबाखू जळत नाही, राख नाही, धूर नाही. अप्पांनी विचारलं, हे दुकानात मिळतं का? ओंकार चाचरला. विकायला सरकारची बंदी आहे म्हणाला, पण मिळतं. अप्पांनी ती वस्तू हातात घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले.

“आंब्याचा वास हाय,” ते म्हणाले.

मी शेजारीच होते. माझ्या नाकाला पुदिना आला होता. थंड, खोकल्याच्या गोळीसारखा. मी अप्पांकडे बघितलं, त्या पिवळ्या रंगाकडे बघितलं, आणि पहिल्यांदा माझ्या संशयाची सुई त्यांच्याकडे वळली. पण ओंकारनं त्यांना दुरुस्त केलं नाही. मोठ्या माणसाला कसं करणार.

“म्हणजे आता फक्त हेच?” अप्पांनी विचारलं.

“फक्त हेच.” हे म्हणताना त्यानं भाग्याकडे बघितलं. अप्पांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाकडे नेला, वाटेत थांबवला. नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ. मग सोडून दिला आणि म्हणाले, बघू.

‘बघू’ या शब्दानं घराची झोप उडवली. भाग्याच्या आईला मुलगा पसंत होता, भाग्याला तर होताच, आणि अप्पा काही केल्या हो म्हणेनात. ओंकारच्या घरून दोनदा फोन आला. अप्पा एकच म्हणत, मला निव्वळ हाय का मिसळ एवढं कळलं की बस. भाग्या चिडली. म्हणाली, अप्पा, तो पोतं नाहीये. अप्पा म्हणाले, “पोत्याला आपण परत पाठवतो गं. जावयाला कुठं पाठवायचं?”

मग ते मला घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेले. आजार नव्हता, चौकशी होती. डॉक्टरांना वाटलं पेशंट मी. अप्पांनी विचारलं, नुसती वाफ घेणारा आणि वाफही घेणारा, सिगारेटही ओढणारा, या दोघांत फरक काय? डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी नीट सांगितलं. नुसत्या वाफवाल्याच्या छातीत जळक्या तंबाखूचा धूर जात नाही, एवढं खरं. पण निकोटिन तेच, सवय तीच, आणि चोरून विकल्या जाणाऱ्या द्रवात आणखी काय घातलंय ते कुणालाच माहीत नाही. त्याला मी चांगलं म्हणणार नाही. दोन्हीवाला मात्र स्वतःला फसवतो. त्याला वाटतं, सिगारेट कमी केली. खरं तर जिथं धूर चालत नाही तिथं वाफ, जिथं चालतो तिथं सिगारेट, म्हणजे दिवसाचा एकही तास रिकामा जात नाही. शरीर दोन्हीकडून मार खातं. आणि मावशी, ते मला म्हणाले, इथं येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या भेटीत ‘फक्त वाफ’ असंच सांगतो.

“मग वळखायचं कसं?” अप्पांनी विचारलं.

डॉक्टर हसून म्हणाले, तुमचं नाक तर बाजारात प्रसिद्ध आहे म्हणतात. अप्पांनी मान खाली घातली. मी हेही मनात टिपून ठेवलं. अलीकडे ते डाळ हुंगायच्या ऐवजी चावून बघायला लागले होते, तेही टिपलेलं होतं. एकदा माझ्याकडे दूध उतू जाऊन करपलं, सगळ्या जिन्यात वास, आणि हे माझ्या दारात उभं राहून शांतपणे पावसापाण्याच्या गप्पा मारत होते. तेही.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मला दरवर्षी नांदेडच्या बँकेत जावं लागतं. फोनवर होतं म्हणतात ते आता, पण मी जिवंत आहे हे मला समोर जाऊन सांगायला आवडतं. अप्पा म्हणाले, मी सोबतीला येतो. घरच्यांना नवल वाटलं. मला नाही वाटलं.

चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला पोचलो. बँकेत जिवंत असल्याची सही केली आणि रिक्षा थेट ओंकारच्या ऑफिसासमोरच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे चहा, भजी आणि चार बाकं. समोर रस्ता, पलीकडे ऑफिस, त्याला लागून पत्र्याची पानटपरी. आम्ही खिडकीपाशी बसलो. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट बऱ्याच वर्षांनी काहीतरी घडतंय असं वाटत होतं.

अकरा वाजता ओंकार दोन सहकाऱ्यांबरोबर बाहेर आला. त्यातल्या एकानं सिगारेट पेटवली, ओंकारपुढं पाकीट धरलं. ओंकारनं मान हलवली, खिशातली पिवळी कांडी काढली आणि पांढरा ढग सोडला. मी अप्पांना कोपरानं ढोसलं. बघा, म्हटलं, निव्वळ. उगाच पोराच्या मागं लागलात.

“हा वरला थर झाला,” अप्पा म्हणाले, आणि आणखी एक चहा मागवला.

दीड वाजता तो एकटा बाहेर आला. इकडं तिकडं बघितलं, टपरीवाल्याशी दोन शब्द बोलला आणि टपरीच्या मागं गेला. आता आम्हाला तो दिसेना. नुसता पत्र्यावरून एक ढग वर चढला, मग दुसरा. वाफ का धूर? रस्त्याच्या या बाजूनं दोन्ही सारखेच पांढरे. वारा आमच्याकडेच येत होता. ढग रस्ता ओलांडून खिडकीशी येऊन विरत होते. मी अप्पांकडे बघत राहिले. ते कप हातात धरून समोर टक लावून बसले होते.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही जरा जाऊन येता?”

मी पदर डोक्यावरून घेतला, रस्ता ओलांडला आणि टपरीवर बडीशेप मागितली. मागं ओंकार पाठमोरा उभा होता, फोनवर बोलत होता. हो गं, जेवलो, म्हणत होता. तू जेवलीस का? दुसऱ्या हातात अर्धी सिगारेट होती. पण ती दिसायच्याही आधी वास आला, कडू, जळक्या कागदाचा. आणि सांगते, मला आनंद झाला. सापडला. नांदेडच्याच रस्त्यावर ती तेवीस वर्षांची मास्तरीण माझ्या अंगात शिरली आणि सदरा हुंगून घरी निघाली. ज्या पोरीचं नशीब टांगणीला लागलं होतं ती त्या वेळी माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती. बडीशेप चघळत परत येताना ती आठवली, आणि तोंड कडू झालं.

“सिगारेट,” मी अप्पांना म्हटलं. “पण मला कशाला पाठवलंत? वास तर तुमच्या तोंडावर येत होता.”

त्यांनी कपातली साय बोटानं बाजूला केली.

“अप्पा, त्या दिवशी त्या कांडीत पुदिना होता. आंबा नव्हता.”

त्यांनी कप खाली ठेवला. “नाक गेलं, मास्तरीणबाई. करोनात गेलं ते परत आलंच न्हाई. घरात ठाव न्हाई कुणाला. बाजारात न्हाई. लोक हात पुढं करत्यात, मी नेतो वर. सवय हाय म्हणून नेतो. कापूर लावला काय न् रॉकेल सांडलं काय, मला सारखंच.”

परतीच्या गाडीत लोहा मागं पडलं. मग अप्पा माझ्याकडे न बघता, समोरच्या सीटच्या दांड्याशी बोलावं तसं बोलायला लागले. मल्लूनं सांगितलं होतं, सिगारेट सोडली. पाच वर्षं रोज संध्याकाळी तो घरी आला की मी त्याचा हात हुंगायचो. तेव्हा नाक कसं होतं, तुम्हाला ठाव न्हाई. शंभर पोत्यांत एक डागी पोतं दारातून कळायचं. पोराच्या हाताला रोज साबणाचा वास यायचा. मला कधी शक आला न्हाई की दुकानातून येणाऱ्या माणसाच्या हाताला रोज साबण कसा. मीच भाग्याच्या आईला सांगायचो, तुझा नवरा निव्वळ हाय. ती माझ्यावर भरवसा ठेवून राहिली. तो गेल्यावर स्कूटरच्या डिकीत पाकिटं निघाली, आणि त्यांच्यासोबत साबणाची वडी.

“त्यानं लपवलं कुणापासून? माझ्या नाकापासून. नाक नसतं तर कदाचित बोलला असता.”

भाग्याला सांगायचं का, असं विचारलं, तर म्हणाले, तुम्ही काही बघितलं न्हाई. मला ते आवडलं नाही. मला वाटलं, म्हातारा नातीच्या हट्टापुढं वाकला, आता हा झाकून नेणार. चार दिवस मी त्यांच्याशी तुटक वागले.

रविवारी त्यांनी ओंकारला बोलावून घेतलं. मलाही बसायला सांगितलं. भाग्या आणि तिची आई स्वैपाकघरात. ओंकार आला, बसला, आणि अप्पांनी काही म्हणायच्या आधीच हात पुढं केला. भाग्यानं त्याला ही तऱ्हा सांगितली असणार. मला इथवर साबणाचा वास आला. चंदनाचा.

“हात खाली घे,” अप्पा म्हणाले. “मला वास येत न्हाई. नाक मेलंय माझं. या बाईंना ठाव हाय, आता तुला सांगायलोय. घरात अजून कुणाला न्हाई. तवा तू काय बी सांगितलंस तरी मला पकडता यायचं न्हाई. आता सांग. नुसती वाफ, का दोन्ही?”

मी माझ्या पदराचं टोक पिळत बसले. अप्पांना उत्तर माहीत होतं. मला माहीत होतं. ओंकारला हे माहीत नव्हतं. त्याला फक्त एवढं कळलं होतं की समोरच्या म्हाताऱ्यानं स्वतःची परखी त्याच्या हातात देऊन टाकली. ‘नुसती वाफ’ म्हणाला असता तर चहा पिऊन गेला असता, आणि दुसऱ्या दिवशी अप्पांनी पत्रिका परत पाठवली असती. ते मला त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. ते तिथं त्यांच्या मांडीवर घडी घालून ठेवलेल्या पत्रिकेकडे बघून कळत होतं.

ओंकारनं घसा साफ केला. एकदा, दोनदा.

“दोन्ही,” तो म्हणाला. “ऑफिसात, घरात वाफ. बाहेर सिगारेट. दिवसाला तीन-चार. आधी दहा होत्या, म्हणून मी सोडल्यासारखंच धरत होतो. भाग्याला माहीत नाही.”

अप्पांनी स्वैपाकघराकडे बोट केलं. “तिला तू सांग. आत हाय.”

तो आत गेला. भाग्याची आई बाहेर आली आणि आमच्याशेजारी बसली. आतून आधी त्याचा आवाज आला, मग भाग्याचा. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज प्रयोगशाळेतला होता. म्हणाली, लग्नाची तारीख काढायची नाही. मोडतही नाही. यानं रोज संध्याकाळी फोन करून सांगायचं, सिगारेट किती, वाफ किती. आणि मला नाही सांगायचं. मला खूश करायला हा खोटं बोलेल. अप्पांना सांगायचं. अप्पा म्हणतील तेव्हा तारीख.

तेव्हापासून रोज सातला अप्पांचा फोन वाजे. ते तो कानाला लावत नसत, समोर धरून मोठ्या आवाजात ऐकत, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येई. सिगारेट तीन, वाफ पंधरा वेळा. अप्पा म्हणत, बरं. सिगारेट दोन. बरं. शाबास नाही, उपदेश नाही, फक्त बरं. डॉक्टरांकडे ते ओंकारला स्वतः घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, आधी सिगारेट सोड, पण वाफेवर मुक्काम करू नकोस, तीही सोडायची आहे. पौषात सिगारेट शून्यावर आली. मग रोज शून्य. वाफ मात्र चालूच, दहा, बारा.

आणि जसजशी शून्यं वाढत गेली तसतसे अप्पा झुरायला लागले. आठ दिवस झाले तेव्हा बरे होते. पंधरा झाले तेव्हा जेवण कमी केलं. भाग्याची आई दबक्या आवाजात म्हणाली, आता तरी तारीख सांगा. ते जिन्याकडे वळत. वर माझ्याकडे येऊन बसत. मला म्हणाले, रोज शून्य कसं येतं, बाई? मल्लूच्या हाताला बी रोज साबण होता. मी तरी काय सांगणार. मलाही ते शून्य फारच गोल वाटत होतं. नांदेडला पुन्हा जाऊन यावं का, असंही माझ्या मनात आलं, पण ते मी बोलले नाही. पोरगं खरं बोलत असेल तर आम्ही त्याला मल्लूची शिक्षा देत होतो. खोटं बोलत असेल तर भाग्याची आई जिथं एकदा गेली तिथं भाग्या चालली होती. नाक असतं तर, असं त्यांनी एकदा म्हटलं, आणि मग स्वतःच मान हलवली.

माघात अप्पा उदगीरला भावकीतल्या एका कार्यक्रमाला गेले आणि तिथंच झोपेत लिंगैक्य झाले. त्यांच्या लोकांत मरण म्हणत नाहीत, लिंगैक्य म्हणतात. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्यांच्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी.

मी मेथीची जुडी द्यायला खाली गेले होते. ते पिशवी भरून कॉटवर बसले होते, भाग्या दारात तांदूळ निवडत होती. सातला फोन वाजला. त्यांनी तो समोर धरला. पलीकडून घसा साफ केल्याचा आवाज आला.

“अप्पा, सिगारेट एक.”

भाग्याचा हात सुपात थांबला.

“दुपारी साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं,” ओंकार म्हणाला. “खाली गेलो, घेतली आणि ओढली. पूर्ण ओढली. एवढंच.”

“बरं,” अप्पा म्हणाले. “जेव आता.”

फोन बंद झाला. मी भाग्याकडे बघायचं टाळलं. तेवीस दिवसांची शून्यं एका दुपारीत गेली, आता हा माणूस नातीला काय सांगणार, असं माझ्या मनात चाललं होतं. अप्पांनी फोन उशाशी ठेवला. मग त्यांनी खांदे सैल सोडले, पाय कॉटवर घेतले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांची पाठ भिंतीला टेकली.

“भाग्या,” ते म्हणाले, “उद्या त्यांच्या घरी फोन कर. तारीख काढा म्हणावं.”

“आज?” भाग्या उठून उभी राहिली. “अप्पा, आज तर त्यानं ओढली.”

“ओढली, आणि सांगितली,” अप्पा म्हणाले. “म्हणजे मागचे तेवीस दिवस बी खरे.”